शिस्त : १० पैकी ३

पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन आपल्याकडे रात्री अकराला सुरू होणार म्हटल्यावर डेस्कवरच्या प्रत्येकाने मनातल्या मनात एक शिवी हासडली. आमच्या वर्तमानपत्राची डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, साडेदहाला सुटते. सोहळा ‘होणार’ लिहावं, तर वाचकाच्या हातात अंक पडेपर्यंत तो होऊन गेलेला. ‘झाला’ लिहावं, तर अजून काहीच झालेलं नाही. यावर आमच्या धंद्यात एक जुना तोडगा आहे : क्रियापदच टाळायचं. ‘सीन नदीवर ऑलिम्पिकचा जल्लोष’. जल्लोष झाला, होतोय की होणार, ते ज्याचं त्याने ठरवावं. २६ जुलै २०२४ ला मी तेच केलं आणि चहा मागवला.

शहर आवृत्तीसाठी दीडपर्यंत मुदत मिळाली होती. वृत्तसंपादकांच्या डोक्यातून एक चौकट निघाली : सोहळ्याचं प्रगतिपुस्तक, प्रत्येक विषयाला दहापैकी गुण. विषय मी ठरवले. भव्यता, शिस्त, परंपरा, आतषबाजी. मला कल्पना फारच आवडली होती, हे कबूल करतो.

माझी मोजपट्टी बीजिंगची. २००८ ला मी डेस्कवर नवखा होतो. त्या संध्याकाळी २००८ वादकांचे हात एका वेळी वाद्यांवर पडले आणि आमच्या अख्ख्या डेस्कचा श्वास अडकला. सोहळा असा असतो, हे तेव्हा पक्कं झालं. तसं ते शिवाजी पार्कवरचं १ मेचं संचलन पाहत वाढलेल्या माणसाच्या मनात आधीपासूनच असणार. रांग सरळ, पाऊल एक.

पॅरिसमध्ये रांगच नव्हती. मैदान नाही, नदीवर सहा किलोमीटर पसरलेला कार्यक्रम, पंचाऐंशी बोटी, वरून धो धो पाऊस, खेळाडू प्लास्टिकचे रेनकोट घालून हात हलवतायत. संघांच्या मधेमधे नाचगाणी. सिंधू आणि शरथ कमल तिरंगा घेऊन येतील, तो फोटो मला पहिल्या पानावर हवा होता. देशांचा क्रम फ्रेंच अक्षरांप्रमाणे, त्यामुळे भारताची बोट कधी येणार याचा हिशेब करत बसलो. त्यात कॉन्सिएर्जरीच्या खिडक्यांतून मुंडकं हातात धरलेली मारी आंत्वानेत दिसली, मागे मेटल बँड, आणि इमारतीवरून लाल फवारे. आमच्यातला एक जण म्हणाला, “हे काय, भुताटकी?” त्याच इमारतीत तिला गिलोटिनवर नेण्याआधी कैद करून ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. तरीही मी ‘परंपरा’ला चार दिले. आपल्या राणीचं कापलेलं डोकं पाहुण्यांना गाण्यात दाखवणं ही परंपरा असू शकते, हे माझ्या रकान्यात बसत नव्हतं. दक्षिण कोरियाचा संघ आला तेव्हा निवेदकांनी त्याला उत्तर कोरिया म्हटलं. शिस्तीला तीन.

एकच्या सुमारास ते दृश्य आलं. लांब टेबलासारखा मंच, मागे ओळीने उभे कलाकार, मध्ये डोक्यावर तेजोवलयासारखा मुकुट घातलेली बाई. मग ताटात निळ्या रंगाने माखलेला, जवळजवळ उघडा माणूस. डेस्कवर हशा पिकला. मीही हसलो.

पान लावणारे आमचे ऑपरेटर वसईचे. वयाने मोठे, त्यांना सगळे काका म्हणतात. ते हसले नाहीत. माउसवरचा हात तसाच ठेवून म्हणाले, “सर, हे शेवटचं भोजन आहे. आमच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर आहे.”

मला दिसलंच नव्हतं. येशू आणि शिष्यांचं लिओनार्दोचं ते चित्र मी शंभर वेळा पाहिलंय, दोनदा तर पानातही वापरलंय.

वेब डेस्कवरच्या मुलाने हे ऐकलं. वेबला बातमी लागत नाही, मथळा लागतो. पाच मिनिटांत त्याने विचारलं, “‘ख्रिस्ती समाजात संताप’ टाकू?” मी म्हटलं, टाक. तेव्हा समाजमाध्यमांवर चार परदेशी पोस्ट आल्या होत्या, बाकी काही नव्हतं. काका मान वर न करता म्हणाले, “कोणाला विचारलंत?”

“अहो काका, तुम्हीच तर म्हणालात.”

“मी भिंतीवर आहे म्हणालो.”

दीड वाजत आला होता. पान सुटलं. मथळाही गेला.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या बिशपांनी निषेध केला, रविवारी आयोजकांनी दिलगिरी व्यक्त केली. दिग्दर्शक थॉमस जॉली यांनी सांगितलं की ते ऑलिंपसच्या देवांचं भोजन होतं, निळा माणूस म्हणजे मद्याचा ग्रीक देव डायोनिसस. वृत्तसंपादक माझ्यावर खूश : बघ, संताप खरा निघाला. निघाला खरा. पण मी लिहिलं तेव्हा माझ्याकडे फक्त एक माणूस होता, आणि तो संतापला होता की नाही हे मी विचारलं नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही.

शिस्तीचे तीन मात्र मला वेगळ्याच दिवशी टोचले. सप्टेंबरात विसर्जनाची पानं लावत होतो. चौपाटीला उभ्या माणसाला लालबागपासूनची मिरवणूक कुठे सगळी दिसते? समोरून जाईल तेवढी त्याची. पाऊस असतो, उशीर असतो, मधेच दुसऱ्याचा ताशा घुसतो, आणि मथळा मीच देतो : ‘भक्तिसागर’. पॅरिसची ती मिरवणूक होती आणि मी तिला संचलनाचे गुण दिले.

हे काकांना सांगावंसं वाटलं होतं. त्यांनी फोटोओळ कुठे आहे विचारलं. चौदा पानं राहिली होती.