धोमच्या काठावर दोन रात्री आणि किकलीचे वीरगळ

वाईजवळच्या धोम जलाशयाच्या काठावर तंबूत राहण्याचे ठरवताना मी फोनवर एकच प्रश्न दोनदा विचारला होता: गाडी लावल्यापासून तंबूपर्यंत किती चालावे लागते? दोन्ही वेळा उत्तर तेच मिळाले. "काका, दहा मिनिटांचा सोपा उतार आहे, आजी सहज येतील." माझ्या आईचे वय अडुसष्ट आहे, तिचे गुडघे अजून बरे आहेत आणि ती रोज सकाळी फिरायला जाते, त्यामुळे या उत्तरावर विश्वास ठेवून मी पाच जणांच्या दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरले. तो उतार उतरायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली. हा वृत्तांत लिहिण्याचे पहिले कारण तो उतार आहे आणि दुसरे कारण किकली गावातले वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मारकदगड आहेत, कारण त्यांच्याबद्दलही आम्हाला चुकीचेच सांगण्यात आले होते.

आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीहून सकाळी निघालो: मी, पत्नी, आई, धाकटा भाऊ आणि नऊ वर्षांची मुलगी. बेत आरामाचाच होता. रात्री पाण्याकाठी शेकोटी करायची, आणि दिवसा वाई परिसरातली उघड्यावरची दगडी शिल्पे पायी हिंडून मुलीला दाखवायची. साताऱ्याच्या पुढे महामार्गावर भुईंज लागते, तिथून किकलीला रस्ता जातो. एका परिचिताने सांगितले होते की तिथे अर्धा तास पुरतो, जाता जाता पाहून घ्या. त्याप्रमाणे आम्ही भर दुपारी तिथे पोहोचलो, पंचवीस मिनिटांत आवार पाहिले आणि निराश होऊन वाईकडे निघालो. त्या दुपारची चूक काय होती ते पुढे सांगतो.

वाईत जेवण, बाजारहाट आणि ढोल्या गणपतीचे दर्शन यांत वेळ गेला आणि तंबूंच्या जागी गाडी लागली तेव्हा साडेपाच वाजले होते. त्या दिवसांत सूर्यास्त सहाच्या सुमारास होत असला, तरी धोमच्या खोऱ्यात ऊन त्याच्या बरेच आधी डोंगराआड जाते आणि उतारावर एकदम अंधारून येते. वाट म्हणून जी दाखवण्यात आली तो सुट्या मुरमाचा घसारा होता. पायऱ्या खोदलेल्या नव्हत्या, धरायला दोर नव्हता, आणि मधल्या टप्प्यात पावसाळ्यातल्या ओघळाने वाट कापून नेल्यामुळे कमरेइतकी उडी उतरावी लागत होती. भावाने आधी सामान खाली नेऊन ठेवले आणि तो परत वर आला. मग तो आईच्या पुढे आणि मी मागे, असे एकेक पाऊल आडवे टाकत आम्ही तिला उतरवले. तिसऱ्या वळणावर तिच्या पायाखालचा मुरूम सरकला आणि ती माझ्या हाताला धरून खाली बसली. लागले नाही, पण त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच वाट चढताना मात्र तिने माझा हात घेतला नाही.

हा उतार तरुण, बूट घातलेल्या आणि मोकळ्या हातांच्या माणसाला खरोखरच दहा मिनिटांचा आहे, एवढे मी मान्य करतो. म्हणूनच विचारण्याचा प्रश्न वेळेचा नाही. पायऱ्या आहेत का, वाटेत ओघळ तुटला आहे का आणि सामान उतरवायला माणूस मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि वाटेचा दिवसाउजेडी काढलेला फोटो मागून घ्यावा. फोटो देण्यास टाळाटाळ झाली तर ती जागा सोडावी. मुक्कामाला चारच्या आत पोहोचावे, चपला व सँडल गाडीतच ठेवून घट्ट तळव्याचे बूट घालावेत, आणि साठीच्या पुढच्या माणसासाठी एक काठी बरोबर ठेवावी. पाण्याच्या अगदी कडेला नसलेल्या, रस्त्याच्या पातळीवरच्या जागाही त्या भागात मिळतात. कुटुंबासाठी त्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशांविषयी. माणशी एका रात्रीचे बाराशे रुपये आणि मुलीचे निम्मे, असा दर ठरला होता. म्हणजे एका रात्रीचे ५,४०० आणि दोन रात्रींचे १०,८०० रुपये. निघताना हातात पडलेले बिल १३,१५० रुपयांचे होते. शेकोटीच्या लाकडांचे रात्रीला पाचशे, प्रत्येक रजईचे रात्रीला शंभर, गाडी लावण्याचे दीडशे आणि गरम पाण्याच्या चार बादल्यांचे दोनशे, असे २,३५० रुपये वर लावले होते. यांतला एकही आकडा आधी सांगितलेला नव्हता. मला सर्वांत खटकले ते रजईचे पैसे, कारण डिसेंबरच्या रात्री तंबूत झोपायला बोलावून पांघरूण वेगळे विकणे ही सेवा नाही. मी तसे त्यांना सांगितले आणि पैसे भरले, कारण बरोबर आई होती आणि वाद वाढवायचा नव्हता. तुम्ही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लाकूड, पांघरूण, गरम पाणी आणि गाडी या चारही गोष्टी दरात आहेत की नाहीत, हे लेखी विचारून घ्या. एका ओळीचा संदेश पुरतो.

थंडीविषयी आमचा अंदाज चुकला, आणि तो दोष आमचाच होता. सांगलीच्या थंडीवरून धोमच्या काठाची थंडी मोजता येत नाही. आकाश निरभ्र असले की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, डोंगरउतारावरची गार हवा जड असल्याने खाली सरकून खोऱ्याच्या तळाशी साचते आणि तिथे तिला जलाशयावरची ओल मिळते. त्यामुळे पाण्याला जितके जवळ जावे तितके दव जास्त पडते. पहिल्या रात्री मुलीला वारा लागू नये म्हणून आम्ही तंबूच्या सर्व चेना घट्ट लावून घेतल्या आणि पहाटे चार वाजता तिच्याच गालावर पाण्याचा थेंब पडून ती जागी झाली. आमच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचे पाणी झाले होते, कापडाला बोट लावले तिथून ओघळ सुटत होता, आणि भाड्याच्या रजया कडेने ओल्या झाल्या होत्या.

दुसऱ्या रात्री आम्ही दोन गोष्टी बदलल्या. तंबू काठापासून वर, एका आंब्याच्या झाडाखाली हलवून घेतला, कारण झाडाच्या छत्राखाली दव कमी उतरते, आणि दोन्ही बाजूंच्या चेना वरून चार बोटे उघड्या ठेवल्या. खाली शेजारच्या शेतकऱ्याकडून आणलेला भाताचा पेंढा जाडसर पसरून त्यावर चटई घातली. त्या पेंढ्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. गाडीत आटपाडीकडची दोन जुनी घोंगडी होती, ती आई आणि मुलगी यांना दिली. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, हे आई पहिल्या रात्रीपासून सांगत होती आणि मी ऐकले नव्हते. दुसऱ्या रात्री सगळे शांत झोपले. तंबूनिवासाला जाताना माणशी एक घोंगडे घरून न्या. रजईचे भाडेही वाचेल.

मधला दिवस सुखाचा गेला. धोम गावातल्या नृसिंह मंदिराच्या आवारातला नंदी सकाळी पाहावा. कमळाच्या पाकळ्यांची कडा असलेल्या कुंडात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा आहे. कुंड भरलेले असते तेव्हा कासव पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते, पण आम्हाला ते कोरडे मिळाले, आणि त्यामुळे पाकळ्यांचे कोरीवकाम तळापर्यंत पाहता आले. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट आणि तिथली घंटा पाहिली. ही घंटा वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे.

परतीच्या वाटेवरील लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीविषयी आधी सांगतो, कारण तिला पाहण्याच्या वेळेचा वेगळा नियम लागतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या वर्षांत, म्हणजे १७१९ ते १७२४ च्या सुमारास बांधवली. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, तिला जोडून चौकोनी विहीर आहे आणि दोन्हींच्या मध्ये चक्क महाल आहे. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट असल्याने सकाळी आत अंधार असतो. ऊन वर आल्यावर तिथे जावे, तेव्हाच भिंतींवरचे शरभ (काल्पनिक पशू) आणि हत्ती उजळतात. जिना रुंद आणि चांगला आहे, त्यामुळे आई सर्वांच्या आधी खाली उतरली. मोटांच्या जागेवर मात्र कडेला कठडा नाही, म्हणून मुलांचा हात सोडू नये.

किकलीचा नियम याच्या उलट आहे, आणि तो कोणीच आम्हाला सांगितला नव्हता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक. हा उभा दगड आडव्या चौकटींत विभागलेला असतो आणि तो खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन राखताना पडलेला आहे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड आहे, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे. किकलीच्या भैरवनाथाच्या यादवकालीन मंदिराच्या आवारात असे वीरगळ इतक्या संख्येने उभे आहेत की एका गावाने किती माणसे गमावली असतील, हा विचार मनातून जात नाही. मी महाराष्ट्रात पुष्कळ देवळे पाहिली आहेत, पण एवढ्या साध्या दगडांनी मला इतका वेळ कुठे थांबवले नव्हते.

हे कोरीव काम उथळ आहे आणि शतकांच्या पावसाने झिजलेले आहे. भर उन्हात ते सपाट दिसते आणि नेमके त्याच वेळी आम्ही पहिल्यांदा गेलो होतो. सकाळचे तिरपे ऊन दगडावरून आडवे सरकते, तेव्हा प्रत्येक कडेला सावली धरते आणि चौकटी एकामागून एक उघडतात. सावलीत असलेल्या दगडासाठी बॅटरी समोरून न धरता बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. आकृती स्पष्ट व्हावी म्हणून पीठ, खडू, तेल किंवा पाणी अजिबात लावू नये; तेल-शेंदूर चढलेल्या दगडांवरचे चेहरे कायमचे बुजतात. आवारात चपला काढाव्यात, दगडांना टेकून बसू नये आणि दोन ते तीन तासांची तयारी ठेवावी. गावात वावरताना कोणाशीही बोला, पण गावकऱ्यांच्या पूजेची वेळ आधी जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी तंबू सोडला तेव्हा उजाडत होते. तो घसारा आई काठी टेकत सावकाश चढली. आठच्या सुमारास आम्ही पुन्हा किकलीत होतो. अर्ध्या तासाचे म्हणून पाहिलेले आवार त्या सकाळी आम्हाला अकरापर्यंत सोडवेना. मुलगी एका दगडापुढे उकिडवी बसली होती. हाच दगड तिने पहिल्या दुपारी पाहिला होता आणि तेव्हा त्यात तिला चारच गाई दिसल्या होत्या. आता ती दगडाला न शिवता, बोट हवेतच फिरवत मोजत होती. एकीच्या पाठीमागून दुसरीचे शिंग निघत होते, दुसरीच्या पोटाखाली वासराचे तोंड होते, आणि अगदी कोपऱ्यात, जिथे दुपारी नुसता खडबडीत दगड होता, तिथे मान मागे वळवून पाहणारी एक गाय होती. आई तिच्या मागे उभी राहून तेच मोजत होती. दोघींची मोजणी अकरावर जुळली.