आमची वाटचाल: मजुरीच्या दरापासून टर्नकीपर्यंत

आमचं पुण्यात घरं-ऑफिसांच्या इंटिरियरचं काम. सुरुवात वडिलांची, सुतारकामानं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल गिऱ्हाइकानं आणायचा, आम्ही स्क्वेअर फुटावर मजुरी घ्यायची. मी धंद्यात आलो तेव्हा बाणेर-बालेवाडीत इमारती उठत होत्या आणि लोक विचारायचे, 'वायरिंग, पीओपी, रंग, सगळं तुम्हीच का नाही बघत?' बघू लागलो. सगळं काम एकाच्याच हाती, यालाच टर्नकी म्हणतात.

सुतारकाम हातात होतंच. खरी परीक्षा होती कोणाच्या आधी कोण, याची. पेंटर लवकर आला तर टाइल कटरची धूळ त्याच्या पुट्टीवर बसते. उशिरा आला तर सुतार रिकामे बसतात आणि हजेरी चालू राहते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त डोकं लागतं ते सीलिंग बंद करण्याआधी. वर एकदा जिप्सम बोर्ड चढला की आतलं सगळं झाकलं जातं. म्हणून प्रत्येक एसीच्या ड्रेन पाइपात मगभर पाणी ओततो. ते बाहेरच्या टोकाला पडताना फोरमननं डोळ्यांनी पाहिलं की मगच बोर्डाला हात. ऑफिसचं काम असेल तर आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या लाइनची प्रेशर टेस्टही त्याआधीच. भिंतींतल्या पाइप आणि वायरच्या नळ्यांचे (कंड्युटचे) मोजायची टेप लावून फोटो काढतो. पुढे ड्रिल मारताना तेच कामी येतात.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की 48 तास पाणी साठवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. सिंकखाली आयएस 710चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, यावर घासाघीस नाही.

नऱ्ह्याला वर्कशॉप घेतलं ते सोसायट्यांमुळे. दुपारी ठोकाठोक बंद, आणि आठ बाय चारची शीट बहुतेक लिफ्टमध्ये मावतच नाही. आता कटिंग आणि एज बँडिंग (प्लायच्या कडांना पट्टी चिकटवणं) इथेच होतं. साइटवर फक्त जोडणी.

बहुतेकांना दसऱ्याला नाहीतर दिवाळीला गृहप्रवेश हवा असतो. पण आमचे राजस्थानी मिस्त्री दिवाळीला गावी जातात आणि भर पावसाळ्यात लाकडावरचं मेलामाइन पॉलिश पांढुरकं पडतं. त्यामुळे आम्ही मुहूर्तापासून उलटं मोजतो. दिवाळीचं घर हवं असेल तर ड्रॉइंग जूनमध्ये फायनल करा, असं आता कोटेशनवरच छापलंय. ते वाचून काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत.