घूं-घूं सापडली, मधला पंखा मागे गेला

माझ्या पीसीतून येणारी घूं-घूं कुठली ते सापडलं, मंडळी. हार्ड डिस्क निर्दोष, पॉवर सप्लाय निर्दोष. आणि मागच्या नोंदीनंतर ज्यांनी ‘बेअरिंग गेलंय, पंखे फेकून दे’ असा निकाल देऊन टाकला होता त्यांच्यासाठी: तिन्ही पंख्यांची बेअरिंगं ठणठणीत आहेत. एकेकटा फिरवला तर कॅबिनेटला कान लावूनही काही ऐकू येत नाही. तिघे एकत्र ९५० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास आले की मात्र ती चढती-उतरती घूं-घूं सुरू. रेंडर (व्हिडिओ तयार करायचं जड काम) लावलं की गायब, मशीन निवांत बसलं की हजर. म्हणजे नेमकी शांतता हवी तेव्हाच.

पीसीची जुळणी मागच्या नोंदीतलीच आहे. रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, पुढून जाळीचं मिड टॉवर कॅबिनेट. पुढे तीन १२० मिमी एआरजीबी (रंगीत लाइटवाले) पंखे, नऊ पात्यांचे, तीनच्या पॅकमधले. मागे कॅबिनेटबरोबर आलेला सात पात्यांचा काळा, तीन पिनांचा. पुढचे तिन्ही त्याच पॅकमध्ये मिळालेल्या साटा हबवर, म्हणजे तिघांना एकत्र वीज आणि वेगाचा हुकूम पोचवणाऱ्या डबीवर. शिवजयंतीच्या चित्ररथांचं फुटेज अजून कापायचं पडलंय, त्यामुळे मशीन आठवडाभर उघडं टाकून बसायची चैन नव्हती.

खरी अडचण आवाज ऐकण्याची होती. मी राहतो बेळगावच्या वडगावात. डावीकडे माग, उजवीकडे माग, मागच्या गल्लीतही माग. त्या खडखडाटात पीसीचा आवाज मोजायचा म्हणजे चेष्टाच. रात्री माग थांबतात, पण तेव्हा घरातले झोपलेले, आणि मी कॅबिनेटचा पत्रा काढायला लागलो की आतून विचारणा येते. शेवटी दुरुस्तीसाठी लाईट काढतात तो दिवस कामी आला. करंट गेला की अख्खी गल्ली एका क्षणात गप्प. पीसी हजार व्हीएच्या यूपीएसवर, नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तर भिंतीकडून सत्तर वॅटही ओढत नाही, त्यामुळे निवांत वेळ मिळतो. ज्यांच्या शेजारी माग, गिरणी किंवा लेथ आहे त्यांनी हा मुहूर्त साधावा.

मोजायला फोनवरचं स्पेक्ट्रॉइड, आवाजात कुठल्या हर्ट्झला (सेकंदाला किती कंपनं) किती जोर आहे ते दाखवणारं ॲप. फुकट आहे आणि याच्यापुढे काही लागत नाही. एक गोष्ट मात्र सेटिंगमध्ये बदला: एफएफटीचा आकार, म्हणजे एका वेळी आवाजाचे किती नमुने तपासायचे. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला ८१९२ ठेवलात तर आलेखातल्या शेजारशेजारच्या दोन घरांत जवळपास ६ हर्ट्झचं अंतर पडतं, आणि आपला सगळा खेळ त्या सहाच्या आत आहे. ३२७६८ केलं की अंतर दीड हर्ट्झवर येतं. आधीच्या सगळ्या स्क्रीनशॉटमध्ये जो एकच जाडजूड डोंगर दिसत होता, त्याला इथे दोन शिखरं फुटली.

आता संशयित. पहिला, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. ७२०० भागिले ६० म्हणजे १२० हर्ट्झ. १२० वर बारीकशी रेघ होती, पण घूं-घूं वाढली-कमी झाली तरी ती रेघ हलत नव्हती. सोडून दिली. दुसरा, १०० हर्ट्झवरची ठळक रेघ. ही बघून थोडा वेळ मला पॉवर सप्लायचा संशय आला, पण फोन यूपीएसकडे नेला की रेघ चढते आणि कॅबिनेटकडे आणला की उतरते. बॅटरीवर चालताना यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो हा, विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट. पीडब्ल्यूएमची (पंख्याचा वेग ठरवणाऱ्या सिग्नलची) किरकिर म्हणावी तर चार पिनांच्या पंख्यांना तो सिग्नल २५ किलोहर्ट्झचा जातो, माणसाच्या कानाच्या पलीकडचा. राहिली ती १४१ आणि १४३ वरची जुळी शिखरं.

आणि बोर्ड काय सांगत होता? पुढचे पंखे ९४० आरपीएम. फेरीला प्रत्येक पात्याचा एक फटकारा, म्हणून ९४० गुणिले नऊ पाती, भागिले ६०, बरोबर १४१. मग १४३ कुणाचं?

इथे हब पकडला गेला. प्रत्येक पंखा टॅकच्या (वेग कळवणाऱ्या) तारेवरून एका फेरीला दोन पल्स पाठवतो आणि त्यावरून बोर्ड आरपीएम काढतो. तीन पंख्यांचे पल्स एकाच तारेत मिसळले तर आकडा वेडावाकडा येईल, म्हणून हब फक्त पहिल्या पोर्टचा टॅक पुढे पाठवतो आणि बाकीच्यांचा गिळतो. म्हणजे बोर्डावर दिसणारे ९४० हे पहिल्या पोर्टवरच्या, एकट्या वरच्या पंख्याचे. तिन्ही हबवरून काढले, बोर्डाच्या एकाच हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर), त्याच ४५ टक्क्यांना, एकेक करून लावले. वरचा ९४०, मधला ९५४, खालचा ९९८. मधल्याचे होतात १४३.१. वरच्या-मधल्यातला फरक दोन हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. तीच आपली घूं-घूं. खालचा जवळपास १५० वर असल्यामुळे त्याची भर नुसती खरखर म्हणून ऐकू येत होती.

पंखे खराब आहेत का? नाहीत. खोक्यावर कमाल १५०० आरपीएम, अधिक-उणे दहा टक्के असं छापलंय. १३५० ते १६५० मधलं काहीही त्यांच्या लेखी चोखच. विकणाऱ्याला मेल केला तर ‘स्पेकमध्येच आहे सर’ असं उत्तर आलं, आणि नाइलाजाने मान्य करावं लागतं की ते खरं आहे. पण तीनच्या पॅकमध्ये हब फुकट देऊन वर त्याला ‘सिंक’ म्हणणं मात्र मला पटत नाही. हब तिघांना हुकूम एकच देतो, तिघे तो सारखाच पाळतात की नाही हे बघायची त्याच्याकडे सोयच नाही. माझं मत आता पक्कं झालंय: बोर्डाचा हेडर साधारण एक अँपिअरपर्यंत देतो आणि असले पंखे ०.२ च्या आसपास ओढतात, तेव्हा हबची गरज लाइट्सपुरतीच. लाइट्सची पाच व्होल्टची तीन पिनांची तार तेवढी त्याच्यावर राहू द्या.

यावर माझी योजना अशी होती की तिन्ही एआरजीबी काढायचे आणि पुढे दोन १४० मिमीचे बसवायचे. खडेबाजारातल्या नेहमीच्या दुकानात १४० मिमी ठेवतच नाहीत. बेंगळूरला एस. पी. रोडवर फोन लावला, तिथे मिळतात, पण पार्सलच्या खर्चासकट आकडा ऐकून जरा थांबलो. कोल्हापूरहून येणाऱ्या एका मित्राला सांगून ठेवलं.

नोंद इथपर्यंत लिहून झाली होती. वरचा तो ‘गुणिले नऊ’ परत वाचताना डोक्यात आलं की आरपीएम जुळवायचा किंवा तोडायचा आटापिटा कशाला, पात्यांची संख्याच बदलली तर? मागे सात पात्यांचा पंखा घरातच बसलाय. मधला नऊवाला मागे टाकायचा आणि सातवाला मध्ये. सात गुणिले ९००, भागिले ६०, १०५ हर्ट्झ. शेजाऱ्यांच्या जवळपासही नाही. मित्राला लगेच कळवलं, १४० राहू दे, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो.

एक खोच आहे. काळा पंखा तीन पिनांचा, म्हणजे पीडब्ल्यूएम त्याला कळत नाही, व्होल्टेज कमी-जास्त करूनच वेग बदलतो. हबवर लावला असता तर तो सतत पूर्ण वेगाने ओरडला असता. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्याचा हेडर डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणाऱ्या मोडवर टाकला, किमान ४५ टक्के ठेवले. त्याखाली हा सुरूच होत नाही, नुसता थरथरतो.

हेडरचं वाटप असं झालं. चेसिस एकवर वरचा, ८५० आरपीएम. चेसिस दोनवर खालचा, ११००, कारण ग्राफिक्स कार्डाच्या तोंडाशी तोच आहे. चेसिस तीनवर मधला काळा. मागे गेलेला नऊवाला उरलेल्या सीपीयू ऑप्टवर (प्रोसेसरच्या जादा पंख्यासाठीच्या हेडरवर). वरचा आता १२७ च्या आसपास, खालचा १६५ वर, मधला १०५ वर. स्पेक्ट्रॉइडवर तीन सुट्या काड्या दिसतात आणि कानाला एकसलग वारा. मोबाइल बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो थोडा वेळ. मागांच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला या समाधानाची किंमत वेगळी सांगायला नको.

दिसायला मात्र बिनसलंय. वर लाइट, खाली लाइट आणि मध्ये काळोख, मधला दात पडल्यासारखं. भाचा बघून म्हणाला, “मामा, मधला लाइट गेला की ओ.” त्याला हर्ट्झ समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

सीपीयू ऑप्टची एक कटकट आहे. आमच्या बोर्डावर तो कूलरच्या पंख्याच्या मागोमाग चालतो, वेगळा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेघ) देता येत नाही. आणि रायझनची सवय तुम्हाला माहीत आहे, ब्राउझर उघडला तरी तापमान ४० वरून ५८ आणि दोन सेकंदांत परत खाली. कूलर उसळला की आता मागचाही उसळतो. त्यामुळे सीपीयूचा कर्व्ह ६० पर्यंत सपाट केला आणि बायॉसमधला प्रतिसादाचा वेळ सगळ्यात संथ ठेवला. पुढच्या तिघांसाठी विंडोजमध्ये ‘फॅन कंट्रोल’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) यांतलं ज्याचं तापमान जास्त असेल ते धरणारा मिक्स कर्व्ह. बोर्डाबरोबर येणारी झगमगाटी सॉफ्टवेअरं मी कधीच उडवलीत. पंखा फिरवायला जाहिराती दाखवणारी खिडकी कशाला पाहिजे?

तापमान: खोली २६ असताना पूर्वी रेंडरमध्ये सीपीयू ७६, कार्ड ७० जायचं. आता ७५ आणि ६८. ५७००एक्सची मर्यादा ९० आहे, तेव्हा चिंता नाही. गोव्याच्या मंडळींनी आकडे ताडून बघताना लक्षात घ्यावं की बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, हवा समुद्रकाठापेक्षा साधारण सात टक्के विरळ. तेवढ्याच आरपीएमला आमचा पंखा वजनाने तेवढी कमी हवा ढकलतो. त्याची भरपाई संध्याकाळचा गारवा करतो, तो तुमच्याकडे नाही.

अदलाबदलीनंतर आत-बाहेरचा हिशेब बिघडलाय का हे उदबत्तीने तपासलं. मागच्या मोकळ्या स्लॉटांच्या जाळीपाशी धरली, धूर बाहेरच ढकलला जातोय. म्हणजे पॉझिटिव्ह प्रेशर (आत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त) कायम. हे आमच्याकडे हौसेचं नाही, गरजेचं आहे. उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि मागांचा कापसाळ तंतू मिळून फिल्टरवर अक्षरशः वाकळ तयार होते, आणि पाऊस लागला की ती ओली होऊन चिकटते. फिल्टर असलेल्या वाटेनेच हवा आत आली पाहिजे.

राहता राहिला पत्र्याचा थरथराट, १२५० आरपीएमच्या पुढे अजून येतो. ऑनलाइन मिळणाऱ्या, स्क्रूऐवजी पंखा बसवायच्या रबरी पिना मी दोनदा तोडल्यात, ओढून बसवताना मानेतच तुटतात. म्हणून उद्यमबागेत हायड्रॉलिकची सीलं विकणाऱ्याकडे गेलो. चार मिमी आतला व्यास, दोन मिमी जाडी असल्या ओ-रिंगा मागितल्या.

“सिलिंडर कुठला ओ?”

“सिलिंडर नाही, कॉम्प्युटरचा पंखा.”

“कॉम्प्युटरला हायड्रॉलिक कवापासून आलं?” म्हणत त्याने मूठभर काढून समोर ठेवल्या, आणि पैसे घेताना स्वतःच हसला. पिनांच्या पाकिटाच्या मानाने फुकटच म्हणायच्या. नायट्राइल रबराच्या काळ्या बहुतेक ७० शोअरच्या (शोअर हे टणकपणाचं माप) असतात, आपल्या कामाला जरा टणक. सिलिकॉनच्या तांबड्या बोटाने दाबल्या की लगेच बसतात, त्या घ्या. खालच्या पंख्याला लावून बघितल्या: पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये प्रत्येक कोपऱ्यात एक, आणि आरपार एम४ चा लांब बोल्ट, कारण पंख्याचे आखूड स्क्रू आता पुरत नाहीत. नट बोटानेच आवळायचा. पान्याने आवळलात की रिंग चपटी होते आणि मग ती असून नसून सारखी.

दोन मिमीच्या फटीतून हवा परत मागे फिरते, उदबत्तीचा धूर तिथे गोल गोल घुटमळताना स्पष्ट दिसला. तिथे दाराला लावतात ती स्पंजाची पट्टी चिकटवणार आहे. खालच्यावर जमलं तर वरच्यालाही रिंगा. मधला काळा तसाच ठेवतो, त्याचा आवाज नाही. आणि कोल्हापूरच्या मित्राने माझा निरोप वाचायच्या आधीच १४० ची जोडी घेऊन ठेवली होती, तेव्हा त्यांची पाती मोजून पुढचं ठरवू.