दोन जुळ्या विषारी अळंब्या ओळखायला शिकताना

जर्मनीत अळंबी ओळखण्याचे रीतसर शिक्षण घेताना माझा सर्वाधिक वेळ गेला तो कॉर्टिनारियस रुबेलस आणि कॉर्टिनारियस ओरेलानस या दोन जातींवर. दोन्ही तांबूस-नारिंगी असतात, कोवळेपणी दोन्हींच्या टोपीखाली कोळिष्टकासारखा तंतूंचा पडदा असतो आणि दोन्हींत मूत्रपिंडे निकामी करणारे ओरेलानिन हे विष असते. 1950च्या दशकात पोलंडमध्ये ओरेलानस खाऊन शंभरावर लोकांना विषबाधा झाली, तेव्हा या विषाचा छडा लागायला सुरुवात झाली. लक्षणे दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसू लागतात, त्यामुळे रुग्णाला आजाराचा संबंध त्या जेवणाशी जोडणे कठीण जाते.

रुबेलस मला स्प्रूसच्या वनात, आम्लधर्मी मातीवरच्या ओल्या शेवाळात भेटली. खाण्याजोगी चँटरेलही तिथेच उगवते, हीच धास्तीची गोष्ट. ओरेलानस उबदार भागातल्या ओक आणि बीचच्या पानझडी जंगलाची रहिवासी.

ताजे नमुने शेजारी ठेवले की फरक स्पष्ट दिसतो. रुबेलसच्या टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो आणि देठावर पिवळसर वेडेवाकडे पट्टे उमटलेले असतात; ओरेलानसचा उंचवटा बोथट असतो आणि देठावर पट्ट्यांऐवजी उभे बारीक तंतू असतात. वास दोहोंचाही मुळ्यासारखा, म्हणून तो इथे उपयोगाचा नाही. (हाताळल्याने किंवा हुंगल्याने अपाय होत नाही, विष पोटात गेल्यावरच बाधते.) मात्र पावसाने पट्टे धुऊन जातात आणि जून टोपी सपाट होते, तेव्हा डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

अशा वेळी टोपी रात्रभर काचपट्टीवर उपडी ठेवून पडणारा गंजासारखा तपकिरी बीजाणूंचा ठसा मी सूक्ष्मदर्शकाखाली तपासू लागले. रुबेलसचे बीजाणू रुंद, जवळपास गोलसर दिसतात, तर ओरेलानसचे लांबट, बदामाच्या आकाराचे. दोहोंचाही पृष्ठभाग खडबडीत असल्याने नजर आकारावरच ठेवावी लागते, आणि एखादा बीजाणू पाहून निष्कर्ष न काढता अनेकांची लांबी-रुंदी मोजावी लागते. हे काम चिकाटीचे आहे, पण मला ते मनापासून आवडते. नमुना वाळवून पाकिटात ठेवताना शेजारच्या झाडाचे नाव मी आधी लिहिते, कारण ती माहिती सुकलेल्या अळंबीतून नंतर मिळवता येत नाही.