एलईडीचा घुमट उतरवला: 14 वरून 121 मायक्रोॲम्पिअर

एलईडीचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून पाठवतोय. गेल्या रविवारी तीन मीटर फायबरच्या पलीकडच्या टोकाला जेमतेम 14 मायक्रोॲम्पिअर मिळत होते. आज 121 मिळाले. एलईडी त्याच जातीचा, करंटही तोच, 20 मिलिॲम्पिअर. फायबर 1 मिलिमीटरचं पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक), एलईडी 650 नॅनोमीटरचा लाल, पलीकडे प्रकाशाचा करंट करणारा बीपीडब्ल्यू 34 फोटोडायोड; वरचे आकडे त्याच्याच करंटचे.

इतके दिवस मला वाटायचं, 5 मिलिमीटरच्या एलईडीचा घुमट प्रकाश सरळ पुढे फेकतो म्हणजे आपलं काम सोपं. पण हे फायबर दोन्ही बाजूंना 30-30 अंशांपर्यंतचे किरण सहज घेतं. त्याला अरुंद झोत नकोच. घुमट झोत अरुंद करताना आतल्या चिपचा चिमुकला उजळ ठिपका मोठा करून दाखवतो, आणि तो 1 मिलिमीटरच्या तोंडात मावत नाही. म्हणून घुमटच घासून काढला.

पहिला एलईडी मेला. चिपच्या वरून केसाहून बारीक तार कमानीसारखी जाते. घासता घासता ती तुटली. दुसऱ्याला दर दहा-बारा फेऱ्यांनी उजेडासमोर आडवा धरून भिंगातून पाहिलं आणि तारेच्या वर अर्धा मिलिमीटर राहिल्यावर थांबलो. सपाट तोंड फायबरला टेकवलं आणि आकडा 82 झाला. उडीच मारली!

मग फायबरचं टोक. नव्या ब्लेडने एका दाबात काटकोनात कापलं, काचेवर पॉलिश पेपर ठेवून 600, 1000, 2000 नंबर असं पाणी लावून आठाच्या आकारात घासलं. कापलेलं टोक पांढुरकं दिसतं, घासलेल्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. 113.

एलईडी आणि फायबरमध्ये ग्लिसरीनचा एक थेंब: 121. हवेच्या फटीत दोन्ही पृष्ठभागांवर मिळून आठेक टक्के प्रकाश परतत होता, तो वाचला.

फोटोडायोडच्या बाजूला फारशी कसरत नाही. त्याचा चौकोन अडीच मिलिमीटरहून मोठा; फायबर मधोमध आणि एक मिलिमीटरच्या आत असलं की पुरे. फक्त हा डायोड 900 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असला तरी इन्फ्रारेड एलईडी लावू नका. पीएमएमए तो प्रकाश वाटेतच गिळतं.

ग्लिसरीन ओघळतं, म्हणून पुढच्या रविवारी पारदर्शक सिलिकॉन ग्रीस लावून बघणार आहे.