पोरांच्या नावाची यादी न देता कॉलेजात खोली मिळवली – माझा अनुभव

मी संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूला मेस चालवते. हिंगोली, परभणी, बीड, जालन्याकडची पोरं, खोली करून राहणारी, दोन टाईम माझ्याकडं जेवणारी. सगळे मला काकू म्हणतात. त्यातल्या एका लेकराची नशा सोडवताना, आणि तशा पोरांना एकत्र बसून बोलायला कॉलेजात खोली मिळवताना, जे जे करावं लागलं ते लिहायलेय, कारण मागच्या आठवड्यात परत एका आईचा फोन आला, रडत होती, आणि तिला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्या कॉलेजच्या ऑफिसचा राग अजून डोक्यातनं गेलेला नाही.

दवाखान्याचं आधी सांगून टाकते, कारण तेवढं सरळ झालं. पोरगं बटन घ्यायचं. इथं झोपेच्या गोळ्यांना, म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलम असल्या गोळ्यांना, पोरं बटन म्हणतात, आणि कोडीनवाल्या खोकल्याच्या सिरपला पातळ औषध. ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे, जीभ जड, घरून पैसे आलेले पण मेसचे थकलेले. रूममेटनं एक दिवस भांडी ठेवायच्या निमित्तानं आत येऊन हळूच सांगितलं. मी १४४४६ ला फोन लावला, ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत, त्यांनी काय घेतो, किती दिवसांपासनं घेतो ते विचारलं आणि दवाखान्यात न्यायला सांगितलं. घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी आहे, तिथं गेलो, केसपेपर काढला, डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. वडील आले गावाकडून, हळद विकून आलेले पैसे तसेच खिशात घेऊन आले होते, बिचारे सारखं विचारायचे की काकू किती खर्च येईल.

एक गोष्ट इथंच लिहिते नाहीतर विसरेन. घरात गोळ्या सापडल्या की रागानं सगळ्या फेकून देऊ नका आणि पोराला कोंडून तर अजिबातच ठेवू नका. ह्या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवत आणतात. पाकीट सोबत न्या, त्यावरनं त्यांना नेमकं काय आणि किती ताकदीचं ते कळतं.

आता खरं सुरू झालं ते पोरगं बाहेर आल्यावर. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमनी डिस्चार्जच्या वेळी मला आणि वडिलांना बसवून सांगितलं होतं की औषधानं शरीर सुटतं पण हा परत त्याच खोलीत, त्याच टपरीवर, त्याच दोस्तांत जाणार, वडील गावी जाणार, मग संध्याकाळी सात वाजता ह्याच्याजवळ कोण? आठवड्यातनं एकदा तरी ह्याच वाटेनं गेलेल्या चार माणसांसोबत बसू द्या, बोलू द्या. मला ते पटलं. माझ्या माहितीतच अजून चार-पाच पोरं होती, काही सोडू बघणारी, काही सोडून परत अडकलेली. विद्यापीठातला एक पीएचडी करणारा मुलगा, स्वतः ह्यातनं बाहेर आलेला, तो बसायला तयार झाला. मॅडम म्हणाल्या मी पण महिन्यातनं एकदा येते. फक्त जागा पाहिजे होती.

मेसमध्ये जमत नाही, रात्री आठपर्यंत पंगती चालू असतात आणि सगळ्यांसमोर कोण बोलणार. घरमालकाला वरची गच्ची मागितली तर म्हणाला, काकू, इथं गर्दुल्ल्यांचा अड्डा नको. मग मला वाटलं पोरं ज्या कॉलेजची आहेत त्यांच्याकडंच मागू, शाळा-कॉलेजातल्या खोल्या चारनंतर रिकाम्याच तर असतात. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण तिथं शिकणाऱ्या पोरांना त्याचा त्रास होईल.

साधा अर्ज केला. दर रविवारी एक वर्गखोली दोन तास द्यावी, व्यसनातून बाहेर पडायलेल्या विद्यार्थ्यांची बैठक आहे, झाडू-लाईट आमची. आवक-जावकच्या टेबलवर दिला, तिथल्या भाऊंनी वाचला आणि पहिलं वाक्य काय, आमच्या कॉलेजात असं काही नाही. मी म्हटलं बरं आहे, पण मेसला जेवतात ती तुमचीच पोरं आहेत. अर्ज ठेवून घेतला पण आवक नंबर दिला नाही, नंतर गेले तर अर्जच सापडंना. दुसरा अर्ज दिला. ह्या वेळी नंबर घेतल्याशिवाय उठले नाही आणि माझ्या झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला, तुम्ही पण हेच करा, शिक्का नसला तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं धरतात.

मग अर्ज फिरायला लागला. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडं, तिथून हॉस्टेलच्या रेक्टरकडं, तिथून प्राचार्यांच्या सहीला, तिथून समितीपुढं, आणि समितीची मीटिंगच होईना कारण नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून दर्जा ठरवणारी, टीम येणार होती आणि सगळे त्याच गडबडीत. मी सकाळची भाजी टाकून जायचे आणि दुपारी पोळ्यांच्या वेळेला परत यायचे, कधी साहेब सुट्टीवर, कधी मीटिंगमध्ये, कधी आज नाही उद्या या. आणि इकडं पोरगं दर रविवारी विचारायचं, काकू ह्या आठवड्याला आहे का? ज्याला रोज संध्याकाळ ढकलायची आहे त्याला समितीची मीटिंग कधी होईल ते कसं सांगायचं?

शेवटी उत्तर आलं. जागा देण्याबाबत विचार करता येईल, परंतु सोबत संबंधित विद्यार्थ्यांची नावे, वर्ग, हजेरी क्रमांक आणि पालकांचे मोबाइल नंबर यांची यादी जोडावी.

माझे हातपाय गार पडले ते वाचून. ही यादी एकदा फाईलला लागली की ती कोणाकोणाच्या हाताखालनं जाणार, रेक्टरच्या, क्लार्कच्या, शिपायाच्या, आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनला. हॉस्टेलच्या पोराला खोली खाली करायला सांगणार. गावात फोन जाणार, आणि गावात फोन म्हणजे बापालाच जातो असं नाही, बीडकडच्या एका पोराचे आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, घरचा नंबर म्हणजे चुलत्याचा, त्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की यादी मिळणार नाही. भाऊ म्हणाले, ताई, यादीशिवाय कशाच्या आधारावर खोली द्यायची, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं मी जबाबदार, माझं आधार कार्ड घ्या, माझ्या मेसचा परवाना घ्या, पोरांचं नाव नाही. वरचे साहेब म्हणाले मग लपवायचंय काय तुम्हाला. खूप लागलं मला ते.

आणि नुकसान व्हायचं ते झालंच. यादी मागितली ही बातमी पोरांपर्यंत गेली. जी बसायला तयार होती त्यातल्या दोघांनी जेवायला यायचंच बंद केलं, फोन उचलंनात. महिन्याभराच्या बोलण्यानं जो विश्वास बसला होता तो एका ओळीच्या पत्रानं गेला. माझा राग आहे तो ह्याच्यासाठी, माझ्या चकरांसाठी नाही.

मधल्या काळात त्यांनी मला एक देऊ केलं. २६ जून येतोय, जागतिक अमली पदार्थविरोधी दिन, त्या दिवशी हॉल घ्या, बॅनर आम्ही लावतो, शपथ घेऊ, फोटो काढू, व्याख्यान ठेवू. मी नाही म्हटलं नाही, कार्यक्रम झाला, चांगला झाला, पण तीनशे पोरांसमोर हात वर करून कोणी आपलं दुखणं सांगत नाही. त्याला बंद दाराची खोली लागते आणि तिथं नाव विचारायचं नसतं. नार्कोटिक्स अनॉनिमस ही नशा सोडणाऱ्यांचीच मंडळी १९५३ पासनं अशाच बैठका घेतात, आता जगभर, नुसतं पहिलं नाव, बास. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासनं काम चालू आहे, तिथं जाऊन आलेल्या एकाच्या आईनं मला सांगितलं की पोराला पहिल्यांदा हलकं वाटलं ते दुसऱ्यानं आपलंच बोलणं बोलल्यावर.

मार्ग निघाला तो दोन माणसांमुळं. एक त्या समाजसेवा मॅडम. त्यांनी सांगितलं की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, दारू-ड्रग्जमुळं होणारा मानसिक त्रास त्यात येतो, आणि त्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. त्यांनी दवाखान्याच्या पत्रावर लिहून दिलं की आम्ही उपचार घेणाऱ्यांची नावे कोणालाही देऊ शकत नाही. मी तिसऱ्या अर्जाला ते जोडलं आणि खाली लिहिलं की मी ह्या बैठकीत दवाखान्यासोबत काम करते त्यामुळे मीही नावे देणार नाही, मात्र किती जण आले तो आकडा दर महिन्याला लेखी देईन. हा आकडा देण्याचा तोडगा रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजना) प्राध्यापक सरांनी सुचवला, ते दुसरे. ते स्वतः प्राचार्यांकडं गेले आणि म्हणाले खोलीची चावी माझ्या नावावर द्या, जबाबदारी माझी. ऑफिसला कागद पाहिजे होता, त्यांना कागद मिळाला, आकड्याचा. चावी त्याच आठवड्यात हातात आली.

पण चावीची वाट बघत बसू नका हे मी मुद्दाम सांगते. तोवर आम्ही जवळच्या विहाराच्या समितीला विचारलं होतं, तिथल्या एका आज्जींनी ना अर्ज मागितला ना नावं, फक्त विचारलं की चटई पुरतील का. पहिल्या कितीतरी बैठका तिथंच झाल्या. चहा समोरच्या हॉटेलवाल्यानं दिला, पैसे घेतले नाहीत, त्याचा पुतण्या ह्यातच गेलाय. वाचनालय, समाजमंदिर, तालमीची खोली, काहीही चालतं, कॉलेजचं सोबत चालू ठेवायचं. तरी कॉलेजातली खोली मिळणं गरजेचंच होतं, नवीन पोरगं ओळखीच्या बिल्डिंगमध्ये लवकर येतं.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते, पोरांना आणि आईबापांना पण, आणि तुळजापूरचं एमडीचं, म्हणजे मेफेड्रोन ह्या नशेच्या पावडरचं, प्रकरण पेपरात आल्यापासनं तर जास्तच. गांजा, एमडीवाल्यांना एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागतो, १९८५ चा. त्याच्या कलम ६४-अ मध्ये असं आहे की सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचार घेतो तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत. पण उपचार अर्धवट सोडला तर ते संरक्षण काढून घेता येतं, आणि विकणाऱ्याला हे लागू नाही. म्हणून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, फॉलोअपच्या तारखा सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. आम्ही वडिलांकडं एक सेट आणि माझ्याकडं एक सेट ठेवलाय.

मेडिकलवाल्यांचं राहिलं. बटनच्या ह्या गोळ्या आणि कोडीन मार्च २०१४ पासनं शेड्यूल एच-वन ह्या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला डॉक्टरचं, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. आम्ही चार-पाच जणं गल्लीतल्या दुकानांत जाऊन हात जोडून बोललो. बहुतेकांनी ऐकलं, एकानं नाही ऐकलं, तर अन्न व औषध प्रशासनाला लेखी तक्रार दिली. भांडायला एकटं जाऊ नका, गल्लीतली माणसं सोबत घ्या.

आईबापांसाठी अजून थोडं. पैसे पोराच्या खात्यावर न टाकता मेसचे मेसला, खोलीचे घरमालकाला टाका, पोराला सांगून करा, लपून नको. मारझोड करणाऱ्या, साखळीनं बांधणाऱ्या सेंटरमध्ये टाकू नका, साखळीनं बांधायला कायद्यानंच बंदी आहे. खाजगी सेंटर असेल तर विचारा की मानसोपचार डॉक्टर येतात का, नोंदणी कुठली आहे, आणि आम्हाला भेटू देणार का. भेटू देत नाहीत म्हणाले तर तिथून निघा. दिवाळीत पोरगं गावी जाताना आणि परीक्षेच्या आधी जास्त लक्ष ठेवा, घसरतात ते तेव्हाच. घसरलं तरी त्याला दार बंद करू नका, आमच्यातला एक जण दोनदा घसरून परत येऊन बसलाय आणि आता तोच नव्या पोराला घ्यायला बसस्टँडला जातो.

दवाखान्यात नेलेलं आमचं हिंगोलीकडचं पोरगं परीक्षेला बसलं. हजेरी कमी भरत होती, डिस्चार्ज कार्डाऐवजी फक्त आजारी होता एवढंच लिहिलेलं मेडिकल सर्टिफिकेट वेगळं मागून घेतलं आणि ते जोडलं, ते चाललं. तुम्हीही वेगळंच मागा, डिस्चार्ज कार्ड ऑफिसात देऊ नका. पोरगं संध्याकाळी मेसमध्ये वाढायला मदत करतं, मला अभिमान आहे त्याचा आणि मी तो लपवत नाही. फोन बंद केलेल्या दोघांपैकी एक परत आला. दुसऱ्याच्या रूमवर मी अजून जाते.

आता मुलींचं चालू आहे. त्या आमच्या रविवारच्या खोलीत येत नाहीत, येऊ पण शकत नाहीत, त्यांना वेगळी वेळ आणि वेगळी खोली पाहिजे. एक प्राध्यापिका मॅडम चावी स्वतःच्या नावावर घ्यायला तयार झाल्यात. अर्ज गेल्या सोमवारी दिला, दवाखान्याचं पत्र पहिल्याच दिवशी जोडलं, महिन्याला आकडा देऊ हे पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि आवक नंबर घेतलाय.