पॅरामेडिक म्हणजे अर्धा डॉक्टर नव्हे

बातमीत 'निमवैद्यकीय कर्मचारी' असं छापून आलं की त्यातला 'निम' खटकतो. निम म्हणजे अर्धा, शब्द फारसी. निमसरकारी, निमशहरी इथे तो शोभतो. पण 'नीम हकीम' हे शब्द ज्यांच्या कानावरून गेलेत, त्यांच्यासमोर 'निमवैद्यकीय' म्हटलं की अर्धवट शिकलेला माणूसच उभा राहतो.

मूळ शब्दात हे अर्धेपण नाहीच. 'पॅरामेडिकल'मधला पॅरा ग्रीक आहे, अर्थ 'शेजारी'. डॉक्टरच्या जोडीने चालणारं काम ते पॅरामेडिकल, आणि त्यावरून पुढे पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेत उपचार करणारा. पॅराशूटने उतरणाऱ्या अमेरिकी लष्करी वैद्यकीय जवानांनाही 1950च्या सुमारास पॅरामेडिक म्हणत. मात्र तो पॅरा पॅराशूटचा. त्याचा अर्थ 'बचाव', शूट म्हणजे पडणं. रुग्णवाहिकेतला शब्द आभाळातून उतरलेला नाही.

या कामाला कायद्याचा मोठा आधार मिळाला तो कॅलिफोर्नियात, 1970च्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने. त्याआधी शिरेतून औषध द्यायचं तर जागेवर डॉक्टर किंवा नर्स हवी असे. नंतर रुग्णालयातला डॉक्टर रेडिओवरून सांगे आणि रुग्णापाशी बसलेला पॅरामेडिक ते करी. 'शेजारी' तो असा.

आपल्याकडे 'पॅरामेडिकल कोर्स' म्हटलं की त्यात लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर सगळंच येतं. रुग्णवाहिकेवर काम करायचं असेल तर प्रवेशाआधी विचारा: प्रात्यक्षिक रुग्णवाहिकेत आणि कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, होतं का? ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) आणि पॅरामेडिक यांतही फरक आहे. रक्तस्राव थांबवणं, ऑक्सिजन, मोडलेल्या हाडाला आधार हे मूलभूत ईएमटीचं काम. ईसीजी वाचणं, शिरेतून औषध, श्वासनलिकेत नळी हे पॅरामेडिकचं.

अर्धं शिकून हे जमत नाही, हे पटायला साधा सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन केलेला उपचार, पुरेसा आहे. प्रौढाच्या छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाब. 30 दाबांनंतर 2 श्वास. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी. तळहाताचा भार तसाच राहिला तर हृदयात रक्त भरत नाही आणि पुढचा दाब वाया जातो. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलतात, कारण दमलेल्या हाताच्या दाबाची खोली कमी होते आणि ते त्या माणसाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही.